वरात परतल्यावर घोड्याचे काय?

वेळ निघून गेल्यावर केलेल्या धावपळीला मराठीत 'वरातीमागून घोडे' म्हणतात. वरात पुढे निघून गेली आणि घोडे मागून आले, तर त्यांचा उपयोग काय, असा त्यातला सवाल. पण ज्या घोड्याने वरात वेळेवर आणि बिनतक्रार मांडवापर्यंत पोहोचवली, त्याचे पुढे काय होते, हा सवाल आपल्याला सहसा पडत नाही. नवरदेव उतरतो, अक्षता पडतात, पंगती उठतात. मांडवाच्या मागे खांबाला बांधलेल्या त्या जनावराचा त्या दिवसापुरता मोबदला मालकाला मिळालेला असतो. त्याच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च कोणी करायचा, याचा करार मात्र कोणी कोणाशी केलेला नसतो.

आमच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पाऊस, पिके, चारापाणी यांचे भाकीत सांगतात. ते ऐकायला वऱ्हाड-खानदेशातून शेतकरी जमतात. भाकितावर विश्वास ठेवावा की नाही, हा वाद जुना आहे. पण त्याच अक्षय तृतीयेला गावोगावी लग्नाचा मुहूर्त असतो आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, याला भाकिताची गरज नाही. तापलेल्या डांबरावर, बँडच्या आणि अलीकडे डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांच्या धुरात सजवलेला घोडा उभा असतो. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. मोठा आवाज झाला की पळायचे, एवढेच त्याच्या हजारो पिढ्यांनी त्याला शिकवले आहे. आपण त्याला तो आवाज ऐकवतो आणि लगाम आवळून पळूही देत नाही.

या बाबतीत कायदा आहे, आणि तो आजचा नाही. १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम आणि त्याखालचे ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांविषयीचे १९६५ चे नियम वाचले, तर लिहिणाऱ्याला जनावरांची चांगली माहिती होती असे वाटते. दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक काम नको. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक नको. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम नको. काटे किंवा गाठी असलेला लगाम नको. तट्टूच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक ओझे नको. सुखवस्तू घरचा नवरदेव, त्याचा भरजरी शेरवानी-फेटा आणि पुढ्यात बसवलेला भाचा यांना ओझे म्हणावे की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. तट्टूच्या पाठीला तो फरक कळत नाही.

आता याच कायद्यातली शिक्षा पाहा. जनावराला क्रूरपणे वागवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा रुपये आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज त्या पैशांत वरातीच्या घोड्याच्या गळ्यातली झेंडूची माळही येणार नाही. मारून टाकणे किंवा कायमचे जायबंदी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण घोडा एका दिवसात कोणी मारत नाही. तो उपासाने, जखमेने, झिजलेल्या खुराने हळूहळू मरतो, आणि अशा मरणाचा गुन्हेगार सापडत नाही.

घोडे घटले, तरी नकोसे

२०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून अधिक घट. खेचरे ५७ टक्क्यांनी आणि गाढवे ६१ टक्क्यांनी कमी झाली. टांगा गेला, मालवाहू रिक्षा आली. वीटभट्टीवर आणि वाळूच्या घाटावर ट्रॅक्टर आला. यात वाईट काही नाही. ओझे जनावराच्या पाठीवरून इंजिनावर गेले, याचा आनंदच मानला पाहिजे.

एखादी वस्तू दुर्मीळ झाली की तिचा भाव वाढतो, असे अर्थशास्त्र सांगते. घोड्याच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी घोड्यांच्या लाखांच्या किमती वर्तमानपत्रांत छायाचित्रांसह छापून येतात. तेजी आहे ती उमद्या, तरुण, नाचणाऱ्या घोड्याला. त्याच जातीचे जनावर अठरा वर्षांचे झाले, डोळ्यात फूल पडले, किंवा मागचा पाय उचलून टाकू लागले, की त्याला भाव राहत नाही. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. त्यातली कमाईची वर्षे फार तर दहा-बारा. उरलेल्या वर्षांत तो हातोहात खाली उतरत जातो. हौशी मालकाकडून वरातवाल्याकडे, तिथून पर्यटकांना फेरी मारून आणणाऱ्याकडे, तिथून ओझ्याला, आणि शेवटी दावे सोडून रस्त्यावर. प्रत्येक पायरीवर मालक आधीच्याहून गरीब आणि जनावर आधीच्याहून म्हातारे. म्हणजे ज्या वयात खर्च सर्वांत जास्त, त्या वयात तो सर्वांत दुबळ्या खिशात जाऊन पडतो.

बँकेच्या नोकरीत असताना, १९८० नंतरच्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात, बैलगाडी, घोडागाडी, दुभती जनावरे यांची पुष्कळ कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. अर्जात जनावराची किंमत, गाडीची किंमत, रोजचे अपेक्षित उत्पन्न आणि हप्ता असे रकाने असत. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात बिल्ला असे आणि ते दगावले की भरपाईसाठी तो बिल्ला हजर करावा लागे. म्हणजे जनावर जिवंत आणि कमावते आहे, याची नोंद होती. मेले, याचीही होती. 'जिवंत आहे पण कमवत नाही' असा रकाना त्या अर्जात नव्हता. नकोशा घोड्याचा सगळा प्रश्न या न छापलेल्या रकान्यात आहे. यंत्रावर आपण दरवर्षी घसारा धरतो, म्हणजे ते निकामी होईल तेव्हाची तरतूद आजच्या कमाईतून करतो. आणि निकामी यंत्राला भूक लागत नाही. घोड्याला लागते, त्याच्यासाठी मात्र घसाराही कोणी धरत नाही.

इथे मालकाला खलनायक ठरवणे सोपे आहे. कथा-कादंबऱ्यांत आम्ही ते अनेकदा करतो. पण लग्नसराईचे महिने सोडले तर उरलेले वर्षभर त्या माणसाच्या दारात घोडा उभा असतो आणि तो रोज खातो. पोरांची फी भरायची की नालबंद बोलवायचा, अशी निवड रोज करणाऱ्या माणसाला क्रूर म्हणून आपण मोकळे होतो. वरातीच्या घोड्याकडे केवळ श्रीमंती थाट म्हणून पाहणेही बरोबर नाही. या देशात अनेक ठिकाणी दलित नवरदेवाला घोड्यावर बसू दिले नाही म्हणून मारहाणी झाल्या आहेत आणि पोलिस बंदोबस्तात वराती काढाव्या लागल्या आहेत. ज्यांना शतकानुशतके पायी चालायला लावले, त्यांच्या लेखी घोड्यावर बसणे हा मानाचा प्रश्न आहे. तो मान त्यांना मिळालाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की माणसाच्या मानाची किंमत मुक्या जनावराच्या तोंडातल्या काटेरी लगामाने का चुकवायची?

बंदी आली, पुढे काय?

या प्रश्नावर आपल्या राज्यातला सर्वांत मोठा निकाल मुंबईतला आहे. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरींसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली. याचिका प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका न्यासाने २०११ मध्ये केली होती. घोड्यांना बांधायला धड तबेले नव्हते, कठीण रस्त्यावर दिवसरात्र धावून खूर आणि सांधे खराब होत होते, हे सगळे न्यायालयापुढे आले. त्याआधी, २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूच्या प्रकरणात प्राण्यांना भूक, वेदना, भीती यांपासून मुक्ती हवी आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक हवी, हे तत्त्व उचलून धरलेच होते. मुंबईचा निकाल त्याच वाटेवरचा होता आणि तो योग्य होता.

निकालाबरोबर न्यायालयाने सरकारला पुनर्वसनाची योजना आखायलाही सांगितले होते. त्या गाड्यांवर पोट असलेली कुटुंबे सातशेच्या आसपास होती, असे तेव्हा सांगितले गेले. पुढे नुकसानभरपाई आणि फेरीवाल्याचा परवाना यांची चर्चा झाली. मार्च २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते बॅटरीवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. छान दिसतात. माणसांचे काय होणार, यावर निदान सभा झाल्या, कागद निघाले. पण गाडीतून सोडलेला प्रत्येक घोडा कुठे गेला, आज कोणाच्या दावणीला आहे, याची यादी सार्वजनिक झालेली माझ्या तरी पाहण्यात नाही. गाडीची बॅटरी कोण भरतो, हे आपण विचारले. घोड्याची चंदी कोण भरतो, हे विचारायचे राहून गेले.

माथेरानला उद्या हाच प्रश्न उभा राहणार आहे. तिथे मोटारींना बंदी आहे आणि परवानाधारक घोडे काही शेकड्यांत आहेत. डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षांचा प्रयोग झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढण्याची लाज संपवणारा हा आदेश आहे. पण ई-रिक्षा वाढल्या की घोड्यांचे काम घटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ते घटण्याआधीच घोड्यांची सोय ठरवता येईल. नंतर ठरवली, तर तेच वरातीमागून घोडे.

परदेशांनी हा धडा महाग किमतीला घेतला आहे. अमेरिकेत २००७ मध्ये घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने बंद झाले. भूतदयेचा मोठा विजय म्हणून तो साजरा झाला. २०११ मध्ये तिथल्या सरकारी हिशेबतपासनीस कार्यालयाने अहवाल दिला, की त्यानंतर घोडे सोडून देण्याचे आणि त्यांची हेळसांड होण्याचे प्रकार वाढले, आणि कापण्यासाठी मेक्सिको व कॅनडाकडे जाणारे घोडे कित्येक पटींनी वाढले. म्हणजे त्यांचा शेवटचा प्रवास टळला नाही, तो लांबला. आयर्लंडमध्ये तेजीच्या काळात ज्याला त्याला घोडा हवा होता. २००८ च्या मंदीत बँका कोसळल्या आणि माळांवर बेवारस घोडे दिसू लागले. कायदा आणि करुणा दोन्ही हव्यात, पण त्यांच्या मागून वैरणीची गाडी आली नाही, तर त्याचा भार शेवटी घोड्यावरच पडतो.

सोडवणे आणि सांभाळणे

घोडा सोडवणे म्हणजे काय, याची आपली कल्पना बरीचशी सिनेमातली आहे. कोणीतरी धाडसाने दावे कापतो, घोडा कुरणात उधळतो, पडदा पडतो. प्रत्यक्षात दावे कापल्यावर काम सुरू होते. हाडे निघालेल्या घोड्याला दयेपोटी पहिल्याच दिवशी घमेलेभर हरभरा किंवा बाजरी घातली, तर तो मरू शकतो. दीर्घ उपासानंतर शरीरातल्या क्षारांचा तोल एकदम बिघडतो. त्याला आधी थोडेथोडे वाळले गवत, दिवसातून अनेकदा, आणि कित्येक दिवसांनी हळूहळू बाकीचा खुराक द्यावा लागतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे चुकीचे खाणे पोटशुळावर जाते. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर साळावे लागतात. दातांना धार येऊन गालफड कापले जाते, ते घासावे लागतात. धनुर्वाताचा धोका घोड्याला फार, म्हणून लस हवी. खोगिराखालच्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. आणि हे सगळे केल्यावरही त्याला दुसऱ्या घोड्याची सोबत लागते, कारण तो कळपाचा प्राणी आहे. घोडा का अडला, तर न फिरवल्यामुळे, हे आपल्याला लहानपणीच्या कोड्यात शिकवले होते. जनावरांच्या दवाखान्यातला पशुवैद्यही तेच सांगेल.

मनाच्या जखमा तर याहून अवघड. शेगाव आमच्यापासून दूर नाही. दासगणूंच्या 'गजानन विजय' या पोथीतली गोविंदबुवा टाकळीकरांच्या द्वाड घोड्याची कथा इथल्या घराघरांत माहीत आहे. लाथा मारणारा, चावणारा, दोर तोडून रानात पळणारा म्हणून साखळदंडांनी बांधावा लागणारा तो घोडा. एका रात्री महाराज त्याच्या चार पायांमध्ये जाऊन निजले आणि तो शांत झाला, अशी ती कथा. श्रद्धावंत तिच्यात चमत्कार पाहतात. मला तिच्यातली एक साधी गोष्टही महत्त्वाची वाटते: साखळदंडांनी जो सुधारला नाही, तो भय न दाखवणाऱ्याच्या सहवासात निवला. द्वाड घोडा बहुधा भ्यालेला किंवा दुखावलेला घोडा असतो. मार खाल्लेल्या घोड्याशी काम करणारे जाणकार हेच सांगतात, की त्याच्याजवळ रोज ठरावीक वेळी जा, हात मोकळे ठेवा, घाई करू नका, आणि तो आपणहून मान पुढे करीपर्यंत वाट पाहा. याला महिने लागतात, आणि हे महिने कोणत्याही अनुदानाच्या तक्त्यात बसत नाहीत.

मग हे सांभाळायचे कुठे? रस्त्यावर सापडलेले घोडे पूर्वीपासून कोंडवाड्यात जाते. १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्यातल्या 'गुरे' या शब्दात घोडे, तट्टू, खेचर, गाढव हे सगळे येतात. ठरलेल्या मुदतीत मालक आला नाही, तर लिलाव. बोली बोलणारा कोण आणि कशासाठी, हे लिलाव विचारत नाही. क्रौर्याच्या गुन्ह्यात जप्त केलेल्या जनावरांसाठी २०१७ चे नियम आले. खटला चालू असताना जनावर पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राण्यांच्या आश्रयस्थानात ठेवावे आणि खर्च आरोपी मालकाकडून घ्यावा, असे ते सांगतात. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करता येते. कागदावर हे चोख आहे. पण ज्याने खर्च परवडेना म्हणून घोड्याला उपाशी ठेवले, त्याच्याकडून वसुली कशाची करणार? बँकेतल्या भाषेत ही पहिल्या दिवसापासूनच बुडीत रक्कम. ती शेवटी संस्थेच्या डोक्यावर बसते आणि संस्था पुढच्या वेळी घोडा घ्यायला नकार देते.

गोशाळांचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. त्यांची रचना गाईसाठी आहे. गुरांच्या खुराकात काही ठिकाणी मिसळले जाणारे मोनेन्सिनसारखे औषध घोड्याला प्राणघातक ठरते. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने गोशाळांतल्या देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर केले. घोड्याच्या वाट्याला तसे काही नाही. आमच्या भागात आणखी एक गोष्ट घडली आहे. एके काळी ज्वारी हे वऱ्हाडाचे पोट होते आणि ज्वारीबरोबर कडबा येत असे. कपाशी होतीच, तिच्या जोडीला सोयाबीन आले आणि ज्वारी बांधापलीकडे गेली. माणसाने गहू विकत आणला. जनावराचा कडबा मात्र शेतातून गेला तो गेलाच, आणि आता पैसे मोजून आणावा लागतो. घोड्याच्या उपासाची पाळेमुळे अशी आमच्या पीकपद्धतीतही गेलेली आहेत.

हिशेब मांडू या

भूतदयेच्या विषयात आकडेमोड करणे अनेकांना रुचत नाही. मला मात्र आकडे टाळणारी करुणा टिकाऊ वाटत नाही. सोयीसाठी धरू, की एका घोड्याचा चारा, खुराक, खूर आणि औषध मिळून दिवसाला दोनशे रुपये खर्च येतो. वर्षाचे ७३ हजार. काम थांबल्यावर तो दहा वर्षे जगला, तर ७ लाख ३० हजार. आता मालकाला वर्षात चाळीस सुपाऱ्या मिळाल्या आणि प्रत्येक सुपारीतून त्याने घोड्याच्या म्हातारपणासाठी पाचशे रुपये बाजूला टाकले, असे समजा. वर्षाचे २० हजार, दहा वर्षांचे २ लाख. म्हणजे हा आदर्श मालकसुद्धा आपल्या घोड्याची तीन वर्षेही भागवू शकत नाही. एकट्या मालकाच्या चांगुलपणावर हा प्रश्न सुटणार नाही, हे या बेरजेतून कळते. त्याला दोषी ठरवून आपण सुटू शकत नाही, हेही कळते. हा खर्च घोडा वापरणाऱ्या सर्वांमध्ये वाटला गेला पाहिजे. विम्याचे तत्त्व तेच आहे.

वाटण्याची यंत्रणा नव्याने शोधायची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी आणि तिला दवाखान्या-आश्रयस्थानासाठी जागा द्यावी, असे २००१ चे नियम सांगतात. ती जागा, त्यात घोड्यांसाठी वेगळे आवार, वरातीच्या प्रत्येक सुपारीमागे मंगल कार्यालयातच भरायचा छोटा अधिभार, आणि कामाच्या प्रत्येक घोड्याची पशुवैद्यकीय नोंद. गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी बिल्ला आला. शर्यतीच्या घोड्याची तर वंशावळ लिहिलेली असते. वरातीच्या घोड्यालाच कागद नाही, म्हणून तो कोणी सोडला हे कळत नाही. बँकांनाही यात काम आहे. घोडेवाल्याला ई-रिक्षासाठी कर्ज देताना जुना घोडा आश्रयस्थानात जमा केल्याची पावती मागावी आणि त्या बदल्यात व्याजात सूट द्यावी. सांगली, सोलापूर, सातारा भागात २००३ पासून 'ॲनिमल राहत' ही संस्था कष्टकरी बैल, तट्टू, गाढवे यांच्यावर मोफत उपचार करते आणि काही जनावरांना कामातून निवृत्तही करते. निवृत्त हा शब्द मला आवडतो. मला निवृत्तिवेतन मिळते. ते मी नोकरीत असतानाच ठरलेले होते, म्हणून मिळते.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्ये विकून टाकले. १९३० मध्ये कैरोला आलेल्या डोरोथी ब्रुक या बाईंनी ते घोडे खाणीत आणि गाड्यांना जुंपलेले, अस्थिपंजर अवस्थेत पाहिले. १९३१ मध्ये त्यांनी इंग्लंडातल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले, पैसे जमले, आणि त्यांनी सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यांतले बहुतेक बरे होण्यापलीकडे होते. बाईंनी त्यांना काही दिवस विश्रांती, पोटभर चारा आणि मग वेदनारहित मरण दिले. १९३४ मध्ये त्यांनी कैरोत दवाखाना काढला. त्यातून वाढलेली संस्था गरीब मालकांच्या जनावरांवर उपचार करते आणि आज भारतातही काम करते. त्यांच्या कामातून दोन गोष्टी शिकता येतात. ज्याच्या वेदना थांबतच नाहीत, त्याला जगवत ठेवणे ही दया नव्हे. आपल्या १९६० च्या कायद्याचे कलम १३ सुद्धा अशा जनावराला मरण देण्याची वाट ठेवते. आणि घोडा नकोसा होण्याआधीच मालकाच्या दारात जाऊन उपचार करणे, ही सर्वांत स्वस्त सुटका आहे.

आपल्याला हे शिकण्यासाठी कैरोपर्यंत जाण्याचीही गरज नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, या अर्थाने आपण ते आठवतो. त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांच्या दाण्यावैरणीविषयी आहे. पावसाळ्याची बेगमी आत्ताच उधळली, तर पुढे वैरण मिळणार नाही, घोडी उपासाने मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, अशी स्पष्ट ताकीद त्यात आहे. घोड्यावर तलवार चालवणारा आणि त्याच्या वैरणीची तरतूद न करणारा यांना त्या राजाने एकाच मापाने मोजले. साडेतीनशे वर्षांनंतरचा आपला कायदा जनावराला उपाशी ठेवणाऱ्या मालकालाही गुन्हेगार मानतो, पण बहुधा पन्नास रुपयांचाच.

पुढच्या अक्षय तृतीयेला भेंडवळच्या शेतात घट मांडले जातील आणि चाऱ्यापाण्याचे भाकीत होईल. त्याच संध्याकाळी गावोगावी घोडे सजतील. ज्यांच्या घरी कार्य असेल, त्यांनी सुपारी देताना दर ठरवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. दुपारी बारा ते तीन घोडा सावलीत असेल ना? लगाम साधा आहे ना? आणि हा म्हातारा झाल्यावर कुठे जाणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घोडेवाला देऊ शकेल. तिसऱ्याचे त्याच्याकडे नाही. ते जिल्हा सोसायटी, नगर परिषद, बँक आणि मांडवात बसलेले आपण सर्व मिळून द्यायचे आहे, आणि ते घोडा पायांवर उभा आहे तोवरच दिले पाहिजे.